हे पाणी कुठले, हा मध कशाचा? स्थिर समस्थानिकांविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात स्थिर समस्थानिकांच्या पृथक्करणावर आम्ही एक छोटे टिपण दिले होते. पाणी, माती, धान्य, हाड किंवा केस यांतील अणूंच्या वजनांचे प्रमाण मोजून त्या पदार्थाचा उगम कसा ओळखता येतो, एवढाच त्याचा विषय होता. त्यावर विदर्भाच्या गावांतून जी पत्रे आली, त्यांतील बहुतेक प्रश्न विहिरीच्या काठावरून, गोठ्यातून आणि शाळेच्या व्हरांड्यातून आलेले आहेत, याचा मला मनापासून आनंद वाटतो. काही पत्रे लांब होती, त्यांचा सारांश दिला आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : समस्थानिक म्हटले की आमच्या पुस्तकात कोबाल्ट-६० आणि आयोडीन-१३१ यांची नावे येतात. मग ‘स्थिर’ समस्थानिक म्हणजे काय? त्यातून किरण बाहेर पडत नसतील, तर ते मोजतात तरी कसे? (बारावी विज्ञानाची विद्यार्थिनी, पुसद तालुका)

एकाच मूलद्रव्याच्या सर्व अणूंमध्ये प्रोटॉनांची संख्या सारखी असते, न्यूट्रॉनांची मात्र वेगळी असू शकते. कार्बनच्या प्रत्येक अणूत सहा प्रोटॉन असतात, पण न्यूट्रॉन कधी सहा, कधी सात, तर क्वचित आठ असतात. आठ न्यूट्रॉनांचा कार्बन-१४ कालांतराने विघटित होतो, म्हणून तो किरणोत्सारी ठरतो. कार्बन-१२ आणि कार्बन-१३ कधीच विघटित होत नाहीत. निसर्गातील कार्बनपैकी सुमारे ९८.९ टक्के पहिल्या आणि १.१ टक्के दुसऱ्या प्रकारचा असतो. याच रीतीने नायट्रोजनच्या हजार अणूंमध्ये साधारण चार अणू जड नायट्रोजन-१५ चे असतात, ऑक्सिजनच्या पाचशे अणूंमध्ये एखादा ऑक्सिजन-१८ चा असतो, आणि हायड्रोजनच्या सुमारे साडेसहा हजार अणूंमध्ये एक जड हायड्रोजनचा, म्हणजे ड्युटेरियमचा असतो. तुम्ही आता पीत असलेल्या पाण्यातही तो आहे आणि तो पूर्णपणे निरुपद्रवी आहे.

रासायनिक दृष्ट्या हलका आणि जड अणू सारखेच वागतात, पण जड अणू किंचित मंद असतो. खळ्यावर धान्य उफणताना वाऱ्याने भूस दूर जाते आणि भरलेला दाणा पायाशी पडतो, ही उपमा येथे बऱ्याच अंशी लागू पडते. पाण्याची वाफ होताना हलके रेणू आधी निघून जातात. झाडाचे पान हवेतील कार्बन डायऑक्साइड घेताना हलक्या कार्बनला झुकते माप देते. प्राण्याच्या शरीरातून लघवीवाटे हलका नायट्रोजन अधिक बाहेर पडतो आणि जड नायट्रोजन मागे राहतो. अशा प्रत्येक क्रियेनंतर जड-हलक्याचे प्रमाण अगदी थोडे बदलते, आणि पदार्थ कोणत्या वाटेने आला याची खूण त्या बदलात उरते.

हा बदल इतका बारीक असतो की तो टक्क्यांत न सांगता दर हजारी सांगतात, आणि तोही एका ठरावीक प्रमाणपदार्थाच्या तुलनेत. पाण्यासाठी समुद्राच्या पाण्याचे प्रमाण शून्य धरले जाते. कार्बनसाठी अमेरिकेच्या साउथ कॅरोलिना राज्यातील पी डी नावाच्या खडकथरातील एका जीवाश्म शंखाचे प्रमाण मुळात शून्य मानले गेले. उत्तर उणे आले, तर प्रमाणपदार्थापेक्षा जड अणू कमी आहेत असा त्याचा अर्थ होतो. मोजणीसाठी नमुन्याचे वायूत रूपांतर करून तो मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्रात सोडतात. तेथे विद्युतभारित केलेले रेणू चुंबकीय क्षेत्रातून जातात, हलके रेणू अधिक वळतात, जड कमी वळतात, आणि दोहोंची गणती वेगवेगळी होते. पाण्यासाठी आता लेसरवर चालणारी उपकरणेही वापरली जातात.

इतिहासाचे दोन शब्द सांगतो. समस्थानिकांची कल्पना १९१३ मध्ये फ्रेडरिक सॉडी यांनी मांडली. १९३१ मध्ये हॅरॉल्ड यूरी यांनी ड्युटेरियम शोधला आणि त्यासाठी त्यांना १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच यूरींनी १९४७ मध्ये दाखवून दिले की समुद्रातील शिंपल्याच्या कवचातल्या ऑक्सिजनचे प्रमाण ते कवच तयार होतानाच्या पाण्याच्या तापमानावर अवलंबून असते. प्राचीन हवामानाच्या अभ्यासाला तेथून मोठी गती मिळाली.

प्रश्न : आमचा महिला बचत गट मेळघाटात मध गोळा करतो. साखर मिसळली की यंत्रात कळते असे व्यापारी सांगतात. ते खरे आहे का? मधमाश्या ज्वारीच्या कणसांवरही बसतात. त्यामुळे आमचा चांगला मध खोटा ठरेल का? (बचत गटाच्या सदस्या, धारणी तालुका)

ताई, व्यापारी सांगतात ते बरेचसे खरे आहे, आणि ज्वारीबद्दलची तुमची शंका फार विचारपूर्वक केलेली आहे.

प्रकाशसंश्लेषणाच्या पद्धतीवरून वनस्पतींचे दोन मोठे गट पडतात. जंगलातील जवळजवळ सर्व झाडे आणि वेली, तसेच धान, गहू, कापूस, तूर, सोयाबीन आणि संत्रा हे एका गटात येतात. त्यांच्यातील कार्बन दर हजारी उणे २७ च्या आसपास असतो. ऊस, ज्वारी, बाजरी, मका आणि उन्हाळी प्रदेशातील बहुतेक गवते दुसऱ्या गटात येतात. त्यांची कार्बन पकडण्याची पद्धत वेगळी असल्याने त्यांचा आकडा उणे १२ च्या जवळपास राहतो. या दोन आकड्यांत इतके अंतर आहे की उसाची साखर किंवा मक्याचे सिरप मधात मिसळले तर मधाचा आकडा लगेच सरकतो. परीक्षक आणखी एक काळजी घेतात. मधात अत्यल्प प्रथिने असतात, ती वेगळी काढून त्यांचाही कार्बन मोजतात. मध आणि त्याचीच प्रथिने यांच्यात दर हजारी एकपेक्षा जास्त फरक पडला, म्हणजे सुमारे सात टक्के किंवा अधिक अशी साखर मिसळलेली असली, तर मध भेसळीचा ठरतो. मधाची तुलना त्याच्याच प्रथिनांशी होत असल्यामुळे तो मेळघाटचा आहे की महाबळेश्वरचा, याने निकालात फरक पडत नाही.

आता ज्वारीचे सांगतो. ज्वारीचे परागण वाऱ्याने होते, तिच्या फुलात मकरंद नसतो. मधमाश्या तिच्या कणसावरून केवळ पराग नेतात, मधाची साखर तेथून येत नाही. त्यामुळे ज्वारीच्या वावराजवळचा मध केवळ त्या कारणाने खोटा ठरू नये. गुऱ्हाळाची गोष्ट मात्र वेगळी आहे. उसाच्या रसावर आणि काकवीवर मधमाश्या आवडीने येतात, आणि ती साखर पोळ्यात गेली तर चाचणीत ती भेसळीसारखीच दिसते. पेटीतल्या माश्यांना टंचाईच्या दिवसांत साखरेचा पाक दिला जातो, त्याचेही तसेच होते. म्हणून गटाने मध कोणत्या महिन्यात, कोणत्या रानातून आणि कशा प्रकारे काढला याची नोंद ठेवावी.

या चाचणीची एक मर्यादाही लक्षात ठेवावी लागेल. तांदळाचे सिरप किंवा बीटची साखर मधाच्याच गटातील वनस्पतींपासून बनते, म्हणून ती या कार्बन चाचणीतून निसटते. तशा भेसळीसाठी वेगळ्या चाचण्या कराव्या लागतात. तेव्हा ‘कार्बन चाचणीत पास’ याचा अर्थ ‘ऊस आणि मका मिसळलेला नाही’ इतकाच घ्यावा.

प्रश्न : आमच्या गावाला जुना मामा तलाव आहे. गाळ काढावा म्हणून आम्ही अर्ज करतो, तेव्हा तलावाचा विहिरींना काही उपयोग होतो याचा पुरावा काय, असे विचारले जाते. या शास्त्राने तो पुरावा मिळेल का? (धान उत्पादक शेतकरी, अर्जुनी मोरगाव तालुका)

मिळू शकेल, पण नमुने योग्य वेळी घेतले तरच. हा प्रश्न पूर्व विदर्भातील शेकडो गावांचा आहे, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो. गोंड राजांच्या आश्रयाने आणि कोहळी समाजाच्या कौशल्याने बांधले गेलेले हे तलाव १९५१ मध्ये मालगुजारी संपल्यावर सरकारकडे आले आणि ‘माजी मालगुजारी’ म्हणून ‘मामा’ झाले, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. तलावाची पाळ बांधणाऱ्यांनी झिरपणाऱ्या पाण्याचा अंदाज अनुभवाने घेतला होता. तोच अंदाज आता आकड्यांत तपासता येतो.

हार्मन क्रेग यांनी १९६१ मध्ये जगभरच्या पाण्याचे नमुने पाहून दाखवले की पावसाच्या पाण्यात जड हायड्रोजनचा बदल हा जड ऑक्सिजनच्या बदलाच्या सुमारे आठ पट असतो. आलेखावर सर्व पावसाचे पाणी एका सरळ रेषेवर बसते. जे पावसाचे पाणी जमिनीत मुरून थेट विहिरीत जाते, ते या रेषेजवळच राहते. तलावात महिनोन्‌महिने उन्हात पडून राहिलेले पाणी मात्र वाफ होऊन होऊन जड होत जाते, आणि त्याचा बदल आठ पटींऐवजी चार ते सहा पटींनीच होतो. त्यामुळे ते रेषेवरून खाली घसरते. विहिरीतील पाणीही तसेच घसरलेले आढळले, तर उघड्यावर साठलेले पाणी तिच्यात येत आहे, हे निश्चित होते.

वाटाही काढता येतो. उदाहरणासाठी काल्पनिक आकडे घेऊ. पावसाने भरणाऱ्या दूरच्या विहिरीत ऑक्सिजनचा आकडा उणे ६ आला, तलावात उणे १ आला आणि पाळीखालच्या तुमच्या विहिरीत उणे ४ आला. उणे ६ पासून उणे १ पर्यंतच्या पाच पायऱ्यांपैकी विहीर दोन पायऱ्या तलावाकडे सरकलेली आहे, म्हणजे तिच्यातील सुमारे चाळीस टक्के पाणी तलावाचे आहे. चांगल्या प्रयोगशाळेत ऑक्सिजनची मोजणी दर हजारी ०.१ इतकी अचूक होत असल्याने असा हिशेब विश्वासार्ह ठरतो.

आता अडचणी सांगतो, कारण अर्धवट पुराव्यावर अर्ज केला तर तो फेटाळला जाण्याची भीती असते. ऑक्टोबरमध्ये तलाव ताज्या पावसाने भरलेला असतो, तेव्हा त्याचे पाणी पावसाच्या पाण्यासारखेच असते. त्या काळात झिरपलेल्या पाण्यावर बाष्पीभवनाची खूण नसते. म्हणून विहिरीत खूण सापडली नाही, तर तलावाचा उपयोग नाही असा निष्कर्ष कोणी काढला, तर तो चूक आहे. दुसरी अडचण धानाच्या बांध्यांची. बांधीत साचलेल्या पाण्याचीही वाफ होते आणि तेही खाली मुरते. तेव्हा विहिरीतील जड पाणी तलावाचे की बांध्यांचे, हे ठरवण्यासाठी बांधीतील पाण्याचाही नमुना हवा, आणि तलावापासून दूर पण बांध्यांच्या मधोमध असलेली एक विहीरही तुलनेला हवी. नमुने किमान तीन वेळा घ्यावेत : पाऊस थांबल्यावर, फेब्रुवारीच्या सुमारास आणि मे महिन्यात. सोबत क्लोराइड मोजून घेतले तर निष्कर्ष अधिक पक्का होतो.

पाणी कुठून आले, हे स्थिर समस्थानिके सांगतात. ते जमिनीत किती वर्षे राहिले, हे सांगण्याचे काम त्यांचे नाही. त्यासाठी ट्रिटियम किंवा कार्बन-१४ यांसारखी किरणोत्सारी समस्थानिके लागतात. वरुड-मोर्शी भागातील एका संत्रा बागायतदाराने आपल्या खोल बोअरचे पाणी किती जुने आहे असे विचारले होते. त्यांनाही हेच उत्तर लागू आहे.

प्रश्न : आमच्या गावच्या विहिरीत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त निघाले आहे. कोणी म्हणतो युरियामुळे, कोणी म्हणतो शौचालयांच्या शोषखड्ड्यांमुळे. भांडण मिटेल असे काही करता येईल का? (ग्रामपंचायत सदस्य, वर्धा जिल्हा)

भांडणाचा अर्धा भाग नक्की मिटेल. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेटचा गंभीर प्रश्न असलेल्या जिल्ह्यांत वर्धा, बुलढाणा आणि अमरावती यांचा उल्लेख आहे, तेव्हा हा प्रश्न केवळ आपल्या गावाचा नाही.

युरियातील नायट्रोजन कारखान्यात हवेतूनच घेतला जातो, म्हणून त्याचा आकडा हवेच्या, म्हणजे शून्याच्या, आसपास असतो. शेण, मूत्र आणि मैला यांतून अमोनिया उडून जाताना हलका नायट्रोजन आधी निघून जातो, आणि मागे उरलेल्यापासून बनलेले नायट्रेट जड होते. त्याचा आकडा सामान्यतः दर हजारी अधिक १० ते २० पर्यंत जातो. विहिरीतील नायट्रेट कमी आकड्याचे निघाले तर बोट खताकडे जाते, जास्त निघाले तर मलमूत्राकडे.

मात्र गोठा आणि शोषखड्डा यांत नायट्रोजन भेद करू शकत नाही. दोघांचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात. शिवाय जमिनीतील जिवाणू हवेच्या अभावी नायट्रेट खाऊन त्याचा वायू करतात, तेव्हा उरलेले नायट्रेट आपोआप जड होते आणि युरियाचे नायट्रेटही मैल्यासारखे भासू लागते. हा घोटाळा ओळखण्यासाठी नायट्रेटमधील ऑक्सिजनही मोजतात, कारण या क्रियेत दोन्ही एका ठरावीक प्रमाणात एकदम वाढतात. मानवी मैल्याचा संशय तपासायचा असल्यास कोलिफॉर्म जिवाणूंची तपासणी आणि विहिरीपासून खड्ड्यांचे अंतर यांचीही जोड द्यावी लागेल.

एक गोष्ट प्रश्नाबाहेरची असली तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. तान्ह्या बाळाला वरचे दूध अशा पाण्यात कालवून देऊ नये. उगम ठरेल तेव्हा ठरेल, तोपर्यंत बाळांसाठी दुसऱ्या पाण्याची सोय आधी करावी.

प्रश्न : तूर हवेतला नायट्रोजन घेते असे आम्ही ऐकतो. माझ्या वावरातल्या तुरीने खरोखर किती घेतला, हे मोजता येते का? (शेतकरी, वाशीम जिल्हा)

येते. हवेचा नायट्रोजन शून्य आकड्याचा, तर मुरलेल्या मातीचा नायट्रोजन बहुधा काही अंकांनी जड असतो. तुरीच्या ओळीशेजारी उभी असलेली ज्वारी सगळा नायट्रोजन मातीतूनच घेते, म्हणून तिचा आकडा मातीची साक्ष देतो. तुरीचा आकडा ज्वारीपासून जितका शून्याकडे सरकलेला असेल, तितका तिचा नायट्रोजन मुळांवरील गाठींतून, म्हणजे हवेतून आलेला असतो. ज्वारी-तुरीचे आंतरपीक घेणाऱ्या आपल्या भागात तुलनेचे पीक शेजारीच उभे असते, ही मोठी सोय आहे. मात्र ज्या वावरात युरिया भरपूर पडतो तेथे ही रीत डळमळते, कारण युरियाही शून्याजवळचाच असतो.

तेथे संशोधक उलट मार्गाने जातात. ते मुद्दाम नायट्रोजन-१५ चे प्रमाण वाढवलेला युरिया एका छोट्या वाफ्यात टाकतात आणि तो पिकात किती, मातीत किती आणि बेपत्ता किती याचा हिशेब करतात. अशा प्रयोगांत तृणधान्यांनी टाकलेल्या युरियापैकी निम्म्याहून कमी नायट्रोजन उचलल्याचे वारंवार दिसले आहे. युरियाची गोणी वावरात रिकामी करताना हा आकडा आठवावा, असे मला तळमळीने वाटते.

प्रश्न : वरोरा तालुक्यातील पिसदुरा येथे डायनासोरच्या शेणाचे दगड सापडतात. त्यांवरून तो प्राणी काय खात होता हे कळले आहे का? मुलांना सांगायचे आहे. (माध्यमिक शिक्षक, चंद्रपूर जिल्हा)

गुरुजी, कळले आहे, आणि ते कसे कळले हेही मुलांना सांगण्यासारखे आहे.

पिसदुऱ्याचे हे विष्ठाश्म चार्ल्स मॅटली यांनी १९३९ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात वर्णिले. ते क्रिटेशस कल्पाच्या अखेरचे, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांहून अधिक जुने आहेत, आणि त्यांतील मोठे गोळे टायटनोसॉर या लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरांचे असल्याचे मानले जाते. २००३ मध्ये भारतीय संशोधकांनी त्यांतील सेंद्रिय कार्बनचे समस्थानिक प्रमाण प्रसिद्ध केले. ते मधाच्या उत्तरात सांगितलेल्या पहिल्या गटातील, म्हणजे झाडा-झुडपांच्या गटातील वनस्पतींशी जुळले. उसा-ज्वारीच्या गटातील वनस्पती त्या प्राण्याच्या खाण्यात नव्हत्या.

हे अपेक्षितच होते, कारण दुसऱ्या गटातील गवतांची कुरणे पृथ्वीवर फार उशिरा, सुमारे ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी पसरली. तेही शिवालिकसारख्या ठिकाणच्या प्राचीन मातीतील कार्बन समस्थानिकांवरूनच समजले. पण पहिला गट म्हणजे नेमक्या कोणत्या वनस्पती? सूचिपर्णी, सायकस, ताड की आणखी काही? येथे समस्थानिकांचे काम थांबते. पुढे २००५ मध्ये त्याच विष्ठाश्मांत वनस्पतींच्या पेशींतील सिलिकाचे सूक्ष्म कण शोधले गेले, आणि इतर वनस्पतींबरोबर त्यांत चक्क गवताचे कण निघाले. डायनासोरांच्या काळात गवत नव्हते हा तोवरचा समज पिसदुऱ्याच्या दगडांनी बदलला. ही गवते धानाप्रमाणे पहिल्या कार्बन गटातील असल्याने २००३ च्या निष्कर्षाला बाधा आली नाही. कार्बनने कुळ सांगितले आणि सिलिकाने व्यक्ती ओळखली, असे वर्गात सांगता येईल.

मुलांना घेऊन पिसदुऱ्याला जाल, तेव्हा दगड तेथेच राहू द्यावेत. जागेवरून उचललेल्या नमुन्याचा थर कळत नाही, आणि थर कळला नाही की त्याचे शास्त्रीय मोल बव्हंशी संपते.

प्रश्न : लोणारच्या तळ्याच्या गाळावरून जुने दुष्काळ कळतात, हे कसे? (वाचक, मेहकर)

लोणारच्या सरोवरातून पाणी बाहेर वाहून जात नाही, ते केवळ वाफेने कमी होते, त्यामुळे पाऊस कमी झाला की त्याचा परिणाम तळाशी साचणाऱ्या गाळावर लगेच उमटतो. तेथून काढलेल्या सुमारे दहा मीटर लांबीच्या गाळाच्या स्तंभात खनिजे, कार्बोनेटमधील समस्थानिके आणि पानांवरच्या मेणाचे अवशेष यांचा एकत्र अभ्यास झाला. त्यातून दोन दीर्घ कोरडे कालखंड पुढे आले : सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा आणि सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. पानावरचे मेण टिकाऊ असते. त्यातील हायड्रोजन त्या काळच्या पावसाची, तर कार्बन त्या काळच्या झाडा-गवताची माहिती देतो.

प्रश्न : वाघ जंगलातली शिकार खातो की आमची जनावरे, हे त्याच्या केसावरून ठरवता येईल का? (पशुपालक, ब्रह्मपुरी तालुका)

या पद्धतीचे प्रसिद्ध उदाहरण आफ्रिकेतील आहे. केनियातील त्सावो येथे १८९८ मध्ये दोन सिंहांनी रेल्वेच्या मजुरांना मारले, आणि मृतांचा आकडा शंभरच्या वर सांगितला जात असे. शिकागोच्या संग्रहालयात ठेवलेल्या त्या सिंहांच्या केसांतील आणि हाडांतील कार्बन-नायट्रोजन मोजून २००९ मध्ये संशोधकांनी, खाल्ल्या गेलेल्या माणसांची संख्या सुमारे ३५ असावी, असा अंदाज दिला. केस वाढत असतो, म्हणून तो अलीकडच्या महिन्यांचा आहार सांगतो. हाड कित्येक वर्षांची सरासरी सांगते.

आपल्याकडे मात्र घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सांबर बरीचशी झाडपाल्यावर जगते, चितळ आणि गवा गवतावर भर देतात, आणि गावची गुरेही रानात गवतच चरतात. त्यामुळे गवताच्या बाजूला झुकलेला वाघाचा केस चितळाचाही असू शकतो आणि गाईचाही. ब्रह्मपुरीकडे तर गुंता आणखी वाढतो. तुमची गुरे तणीस खातात, ती धानाची, म्हणजे पहिल्या गटातील. कडबा खाणाऱ्या अकोल्याच्या बैलाचा आणि तणीस खाणाऱ्या ब्रह्मपुरीच्या बैलाचा कार्बन वेगळा निघेल. म्हणून प्रत्येक भागातील गुरांचे आणि वन्य भक्ष्यांचे नमुने आधी मोजल्याशिवाय वाघावर ठपका ठेवता येणार नाही. विष्ठेत सापडणारे भक्ष्याचे केस हा आजही अधिक सरळ पुरावा आहे.

प्रश्न : पोटातील जंतूंसाठी डॉक्टरांनी श्वासाची चाचणी सांगितली. त्यात समस्थानिक असते म्हणून घरचे घाबरले आहेत. (वाचक, अचलपूर)

ही चाचणी हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूसाठी असते. रुग्णाला कार्बन-१३ असलेला युरिया पाजतात. जठरात तो जिवाणू असल्यास तो युरिया फोडतो आणि वीस-तीस मिनिटांत श्वासातील कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बन-१३ वाढलेला दिसतो. कार्बन-१३ किरणोत्सारी नाही, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. याच चाचणीचा कार्बन-१४ वापरणारा प्रकारही असतो. त्यातील किरणोत्सार अत्यल्प असला, तरी गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांच्यासाठी कार्बन-१३ चीच चाचणी योग्य मानली जाते. कोणती चाचणी आहे हे डॉक्टरांना विचारून घ्यावे, आणि आम्लपित्ताच्या गोळ्या किती दिवस आधी बंद करायच्या हेही त्यांच्याकडूनच समजून घ्यावे.

प्रश्न : आमच्या शाळेतील मुलांना वर्षभर पावसाचे पाणी गोळा करून तपासणीसाठी द्यायचे आहे. नमुने कसे ठेवावेत? (जिल्हा परिषद शाळेतील शिक्षिका, यवतमाळ जिल्हा)

बाई, हा उपक्रम जरूर करावा. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था १९६० च्या दशकाच्या आरंभापासून जगभरातील पावसाचे नमुने अशाच रीतीने जमवत आली आहे, आणि आपल्या देशात अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या पुढाकाराने पाऊस, नद्या आणि भूजल यांच्या समस्थानिकांचा राष्ट्रीय कार्यक्रम झाला आहे. अर्जुनी मोरगावच्या शेतकऱ्यांना दिलेल्या उत्तरात पावसाची जी रेषा सांगितली, ती गावाजवळच्या नोंदींवरून काढली तर विहिरींचे निदान अधिक नेमके होते. म्हणून मुलांनी जमवलेल्या बाटल्या पुढे गावाच्याच कामी येतील. सुरुवात करण्यापूर्वी जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाशी बोलून, नमुने कोण मोजणार आणि कोणत्या महिन्यात पोहोचवायचे, हे ठरवून घ्यावे.

सगळी काळजी घ्यायची ती वाफेची. पर्जन्यमापकातील पाणी दिवसभर उन्हात राहिले, तर त्याचे प्रमाण बदलते आणि नमुना वाया जातो. रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजून पाणी लगेच एका मोठ्या बाटलीत ओतावे, ती घट्ट बंद करून सावलीत ठेवावी, आणि महिना संपल्यावर ती हलवून तीतून छोटी बाटली भरावी. रोज ओतणे शक्य नसेल, तर मापकात पातळ पॅराफिनचा थर ठेवतात, म्हणजे पाणी त्याखाली झाकलेले राहते. छोटी बाटली जाड प्लास्टिकची किंवा काचेची, आतल्या बुचाची असावी आणि काठोकाठ भरावी, हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. तीस मिलिलिटर पाणी पुरेसे होते. पाण्यात कोणतेही औषध घालू नये आणि ते उकळू नये. बाटलीवर गावाचे नाव, महिना आणि त्या महिन्याचा एकूण पाऊस मिलिमीटरमध्ये पेन्सिलीने लिहून चिठ्ठीवर पारदर्शक चिकटपट्टी लावावी, कारण आषाढातल्या ओलीत पेनाची शाई पसरते.